विजेच्या भांड्यातला तुमचा रस्सा

प्रिय मामा,

काल रविवारी आपल्या अंगणात पुन्हा कोंबडीचा रस्सा झाला. हुलग्याच्या पिठाचे शेंगोळे घालून, तुम्ही करायचात तसा. तसा म्हणजे, साधारण तसा! तुम्ही गेल्यापासून घरातली एकही गोष्ट मी तुम्हाला सांगितलेली नाही. पण ही सांगितल्याशिवाय राहवेना. म्हणून आज ऑफिसला सुट्टी टाकली आणि चहा घेऊन मागच्या ओट्यावर बसले आहे.

लग्न होऊन नांदे गावी आले तेव्हा मी तुम्हाला 'बाबा' म्हणून हाक मारली होती, आठवतं? तुम्ही हातातलं काम टाकून म्हणालात, "बाबा तुझा अमरावतीला हाय, पोरी. सासऱ्याला आमच्यात मामा म्हनत्यात. आन सासूला आत्या." मला हसू आलं होतं. सासरी आले आणि माणसं माहेरची मिळाली, असं वाटलं.

आणि तो पहिला रविवार! आत्या माळकरी, त्यामुळे कोंबडी उंबऱ्याच्या आत यायची नाही. तुम्ही मागच्या अंगणात तीन दगडांची चूल मांडून बसला होतात, डोक्याला टॉवेल गुंडाळून. तुम्ही माझ्यापुढे ताटली ठेवलीत. लालभडक रस्सा, आणि त्यात बोटाएवढ्या वेटोळ्या तरंगत होत्या. मी म्हटलं, "अय्या, ही तर फळं!"

"कसली फळं?"

"आमच्याकडे वरणात कणकेची फळं सोडतात. वरणफळं."

तुम्ही दत्ताकडे बघून म्हणालात, "लई लांबून बायकू आणली म्हनतोस, आन ही तर आपल्यातलीच निघाली की रं!"

मामा, त्या एका वाक्यावर मी या घरात राहिले. परक्या मुलखातली, नोकरी करणारी, सकाळी कंपनीच्या गाडीत बसून जाणारी सून. आत्यांना माझ्याशी काय बोलावं कळायचं नाही आणि मला त्यांच्याशी. आमच्या दोघींमधला टपाल्या तुम्हीच होतात. "ती म्हनतीया, डब्यात भाकरी न्हेती का?" असं तुम्ही मला विचारायचात, आणि आत्या तिथेच दोन हातांच्या अंतरावर उभ्या असायच्या!

पण एक सांगू का, रागावू नका. रस्सा कसा करायचा ते तुम्ही कधीच धड सांगितलं नाही. मी विचारलं, मसाला किती? "हात म्हनंल तेवढा." शेंगोळे कधी सोडायचे? "रस्साच हाक मारतो." असं सांगतात का कुणी? मी सॉफ्टवेअर तपासणारी बाई. माझ्या कामात प्रत्येक पायरी लिहून ठेवावी लागते. रश्श्याला हाक मारायला कुठून शिकवू?

स्लो कुकर घरी आला तो दिवसही तुमच्यासोबतचाच. ऑफिसातली मैत्रीण परदेशी निघाली आणि तिचं ते विजेचं भांडं मला देऊन गेली. आत मातीसारखं जड भांडं, वर काचेचं झाकण. सकाळी सगळं घालून बटण लावलं की दिवसभर मंद मंद शिजत राहतं. तुम्ही त्याच्याभोवती फिरून आलात आणि म्हणालात, "ह्यात इस्तू कुटं लावायचा?" मी म्हटलं, विस्तव लागत नाही, दिवसभर नुसतं ऊबदार राहतं. तर म्हणालात, "मंग ह्ये यंत्र कोंबडी शिजवतंय का अंडी उबवतंय?"

तेव्हा हसून मी ते माळ्यावर ठेवून दिलं. चूल होती, तुम्ही होतात, कशाला हवं होतं?

त्या सकाळी तुम्ही नेहमीसारखं फाटक उघडलंत, कंपनीच्या गाडीला हात केलात. हिंजवडीच्या गर्दीतून ऑफिसला पोचून माझं जेमतेम काम सुरू झालं होतं, आणि दत्ताचा फोन आला. मामा, निदान चार दिवस आजारी तरी पडायचं होतं! आम्हाला उशाशी बसू द्यायचं होतं, पाय चेपू द्यायचे होते. इतकी घाई कुणी करतं का?

तुमच्यामागे रविवार नावाचा वार घरात राहिलाच नाही. दत्ता गाडी धुवायचा, धुतलेली पुन्हा धुवायचा. भाड्याच्या खोल्यांतली पोरं आपापलं जेवण मागवायची, गुपचूप. पूर्वी तुम्ही "पोरांनो, ताटं घिऊन या रं!" अशी आरोळी ठोकायचात, ती त्यांना ऐकू येईनाशी झाली. आणि आत्या खिडकीपाशी बसून राहायच्या. मी विचारलं जेवलात का, तर "व्हय." औषध घेतलं का, "व्हय." मध्ये टपाल्या नाही म्हटल्यावर आम्हा दोघींचं बोलणं एवढ्यावर आलं.

मग एक दिवस त्या दत्ताला म्हणाल्या, "मला भावाकडं सोड. ऱ्हाईन तितंच." पौडच्या पुढे त्यांचं माहेर, तुम्हाला माहीतच आहे. दत्ता म्हणाला, "आये, आमी काय कमी केलं का?" त्या म्हणाल्या, "तसं न्हाई रं. तुमी जाता सकाळी. ह्या घरात आता माजं काय काम हाय?"

मी दारात उभी होते. मला त्यांना काही सांगायचं होतं, पण काय सांगू? 'राहा' म्हणायला आधी बोलायची सवय हवी ना.

त्या जायच्या आधी एक रविवार पूर्वीसारखा व्हावा, एवढंच डोक्यात आलं. माळ्यावरून स्लो कुकर काढला. उंबऱ्याचा मान ठेवून तो मागच्या ओट्यावर मांडला, आणि स्वयंपाकघरातून वायर ओढून लावली.

पहिला प्रयत्न मी गुरुवारी केला, ऑफिसला जाताना. कांदा, खोबरं भाजून वाटण केलं, आलं-लसूण घातलं, घरचा मसाला घातला, कोंबडी घातली. शेंगोळे कसेबसे वळले आणि तेही सकाळीच त्यात सोडले. एका भांड्याचं जेवण, सोपं काम! संध्याकाळी आले आणि झाकण उघडलं. आत काय होतं माहीत आहे? कोंबडीचं पिठलं! शेंगोळे दिवसभरात विरघळून गेले होते. दत्ता बिचारा भाकरीशी खात म्हणाला, "चव चांगली हाय." आत्या दारातून बघून गेल्या.

सोमवारी त्यांचा भाऊ न्यायला येणार होता. पिशवी भरून झाली होती. म्हणजे माझ्या हातात कालचा रविवार तेवढा होता.

काल सकाळी उठून रस्सा लावला, पण शेंगोळे मागे ठेवले. एवढं कळलं होतं की कोंबडीला दिवस लागतो, पिठाला नाही. दत्ता दर थोड्या वेळाने येऊन झाकण उचलायचा. मी ओरडायचे, "अरे, वाफ जाते, शिजणार कसं?" तर म्हणायचा, "बाबा बी उचलायचे." तुमचा मुलगा, दुसरं काय!

दुपारी मी पीठ मळायला बसले. हुलग्याच्या पिठात थोडी कणीक, लसूण, जिरं, तिखट, मीठ. पाणी घालते तर गोळा तुटायचा, वळायला घेतला की भेगा. तिसऱ्यांदा तो परातीत आपटला तेव्हा पाठीमागून आवाज आला.

"पानी गार घितलंस का गरम?"

आत्या होत्या. मी म्हटलं, "गार."

"मंग तुटंल न्हाई तर काय! सरक."

त्या खाली बसल्या. चमचाभर तेल घातलं, कोमट पाणी मागितलं, आणि मुठीने पीठ रगडायला लागल्या. मग तळव्यावर दोरीसारखा वळ करून बोटाभोवती गुंडाळला आणि टोक दाबून बंद केलं. एकसारख्या वेटोळ्या भराभर परातीत पडायला लागल्या. अगदी तुमच्या रश्श्यातल्या. मी बघतच राहिले.

"आत्या, हे मामांनी शिकवलं तुम्हाला?"

"त्येनी?" त्यांनी मान वर केली. "त्येनी जलमात एक शेंगोळा वळला न्हाई. मीच वळून द्यायचे. उंबऱ्यापातूर परात न्हेऊन ठेवायची. पुढचं त्येंचं."

"मला कधी दिसलं नाही!"

"रईवारी तू उटतीस कवा?"

मामा! इतकी वर्षं सगळी शाबासकी तुम्ही एकट्याने खाल्लीत! आम्ही "मामांचे शेंगोळे, मामांचे शेंगोळे" करायचो आणि तुम्ही मिशीत हसायचात. आत्यांनी एकदाही म्हटलं नाही की ते माझे आहेत. मला हसूही आलं आणि थोडा रागही आला तुमचा. खरंच आला.

मी विचारलं, "मामा रश्श्यात मसाला किती घालायचे?" त्या म्हणाल्या, "रश्शातलं मला काय बी इचारू नगो. चाखलाय का कवा मी?" म्हणजे अर्धी कृती तुमच्याबरोबर गेली, आणि अर्धी घरात खिडकीपाशी बसून होती. आणि आम्ही तिला भावाकडे पाठवायला निघालो होतो.

संध्याकाळी भांडं मोठ्या आचेवर केलं. कडेने बुडबुडे यायला लागले. आत्या उंबऱ्याच्या आत उभ्या, मी बाहेर ओट्यावर, हातात परात. सगळे एकदम ओतणार होते, तर त्या म्हणाल्या, "थांब गं! आदी एकच सोड. विरघळला न्हाई तर बाकीचे. ते तसंच करायचे."

मी एक सोडला. तो बुडाला. झाकण ठेवून आम्ही दोघी काचेतून बघत राहिलो. आत्या तर उंबऱ्यावर हात टेकून वाकल्या होत्या. थोड्या वेळाने तो वर आला. अख्खा! वेटोळी फुटली नव्हती की सुटली नव्हती.

"आला का गं?"

"आला, आत्या!"

आणि त्या हसल्या. तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदा. पदर तोंडाला लावून हसल्या आणि मग तोच पदर डोळ्यांना लावला.

दत्ताने अंगणात सतरंजी टाकली. खोलीतला एक पोरगा वासाने जिन्यावर येऊन उभा राहिला. "भाभी, अंकलवाला चिकन?" मी काही म्हणायच्या आत आतून आत्यांचा आवाज आला, "पोरांनो, ताटं घिऊन या रं!" दत्ताच्या हातातला तांब्या तसाच राहिला. आरोळी तुमचीच, फक्त आवाज बारीक.

खोटं कशाला बोलू, रस्सा तुमच्यासारखा झाला नव्हता. धूर नव्हता ना त्याला! मसाला थोडा कमी पडला. पण कोंबडी हाडापासून सुटत होती आणि शेंगोळ्यांनी रस्सा पिऊन घेतला होता. दत्ताने तीनदा वाढून घेतलं. मी त्याच्या ताटात अजून दोन शेंगोळे टाकले.

आणि आत्या? त्यांनी मूठभर शेंगोळे आधीच बाजूला काढले होते. आत लसणाची फोडणी देऊन त्यांनी आपल्यापुरते केले आणि ताट घेऊन उंबऱ्याच्या आत, आमच्याकडे तोंड करून बसल्या. आम्ही बाहेर, त्या आत, पण पंगत एक. तुमच्या वेळीसुद्धा त्या कधी अशा बसल्या नव्हत्या, मामा. तुम्ही असतात तर काय म्हणाला असतात?

आज सकाळी त्यांचा भाऊ आला. मला वाटलं होतं, पिशवी सुटेल. सुटली नाही. त्या गेल्या. पण गाडीत बसताना दत्ताकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाल्या, "भावाला वाईट वाटंल, म्हनून चार दिस ऱ्हाते. रईवारच्या आदी ये न्यायला. आन हुलगा जरा जाडा दळून आन, ह्यो लई बारीक हाय."

बघा, मध्ये कुणी नव्हतं. सरळ मला म्हणाल्या.

तुम्हाला ठाऊक आहे, पौडच्या रस्त्यावर गाडी चालवायची मला भीती वाटते. दरवेळी दत्ताच न्यायचा-आणायचा. पण शनिवारी मी एकटी जाणार आहे. त्यांच्या भावजयीच्या हातचा चहा पिईन, त्यांच्या माहेरचं घर बघेन, आत्या लहानपणी कशा होत्या ते विचारेन. येताना त्या माझ्या शेजारच्या सीटवर बसतील आणि वाटभर आम्ही काहीतरी बोलू. काय बोलायचं ते अजून ठरलेलं नाही. पण तुम्हाला शब्द देते, मामा, मी रिकाम्या गाडीने परत येणार नाही.

तुमच्या पायांशी,
तुमची सून
वैशाली