लाल्याची भाकरी

८ जाने., गुरुवार
गयामावशींच्या कुत्र्याचा, लाल्याचा, एक्स-रे आला. पुढच्या डाव्या पायाच्या हाडात कॅन्सर. छाती अजून स्वच्छ. गयामावशींना सांगितलं, पुण्याला न्या, पाय काढतील, मग औषधं. वर्षभर मिळेल, कदाचित जास्तही.
"पाय न्हाई काढायचा."
मग निदान इंजेक्शन देऊन शांत झोपवू, हाल तरी वाचतील.
"ते बी न्हाई. दुखायची गोळी द्या."
पाच म्हशी एकटीने सांभाळणारी बाई, व्यवहाराला पक्की. कुत्र्याच्या बाबतीतच हे असं.

९, शुक्र.
फोन केला. पालथ्या घड्यावर पाणी. "रोज सकाळी त्याला भाकरी टाकते. तो घेतो तवर तो हाय. घेनार न्हाई त्या दिशी बोलावते तुमाला." एवढी वर्षं नेवाशात जनावरं तपासतेय, आणि आता निदान भाकरीवर.

१२, सोम.
गाढवपणा केला. मावशींच्या लेकीला पुण्याला फोन लावला. वाटलं, ती समजावेल.

१३, मंगळ. भोगी.
समजावलं कसलं. गाडी घेऊन हजर, "आत्ता नेते त्याला." मायलेकींचं कडाक्याचं वाजलं, लेक तशीच परत गेली. संध्याकाळी मावशींचा फोन. "म्याडम, कुत्रं माझं हाय. लेकीला का मधी घातलं?" ठेवूनच दिला. चूक माझी. तरी चिडलेच आहे, त्यांच्यावर आणि माझ्यावरही.

१५, गुरु.
गोळ्या आणि तिळगूळ घेऊन गेले. गोड बोलायला तोंड नव्हतं. लाल्या तीन पायांवर दुधाच्या कॅनमागे फाटकापर्यंत गेला, नेहमीसारखा. मावशी बोलल्या नाहीत, पण चहा ठेवला. म्हणजे अगदीच टाकलेलं नाही.

१९, सोम.
मावशींची म्हैस तपासायला गेले होते. गोठ्यामागे कडब्याच्या गंजीखाली माती उकरलेली दिसली. आत भाकऱ्या. सहा-सात तरी. वरची आजचीच, घासही तोडलेला नाही. लाल्या मावशींसमोर भाकरी तोंडात धरतो, त्यांची पाठ वळली की इथे आणून पुरतो. पोटात जातं ते फक्त दूध.
मावशी ज्या भाकरीवर विसंबल्यात, ती ही. सांगितलं नाही. म्हैस बघितली आणि आले.

२०, मंगळ.
ठरवायचं मावशींनीच, तर त्यांना खरं कळायला हवं. गेले, सांगितलं. त्या शेण भरत होत्या, हात थांबला नाही.
"म्हाईत हाय."
कधीपासून?
"आठ दिस झालं. मला बरं वाटावं म्हून घेतो तो."
मग आठ दिवस गप्प का?
"त्याला बी घाई न्हाई, मला बी न्हाई. तुमालाच लई घाई."
डोकं सणकलं. गोळीचा डोस वाढवून दिला, पायरीवर त्याच्याजवळ बसले जराशी. हाताला नाक लावलं त्याने. घरी येऊन रडले. दोघांचाही भयंकर राग आला होता.

२२, गुरु.
मावशींचा फोन, स्वतःहून.
"आज भाकरी म्होरं ठिवली. त्यानं तोंड फिरवलं."
मी खुर्ची ओढून बसले.
"उद्या सकाळी या. सुई आना. पन पिशवीतच ठिवा. मी म्हनंन तवा काढा."
आणि नाहीच म्हणालात तर?
"तर च्या पिऊन जा."

२३, शुक्र. सकाळ.
औषध घेतलं. पिशवीची चेन लावली, परत उघडून बघितलं, परत लावली. पिशवी ओट्यावर ठेवायची, त्यांच्या बाजूला. रस्ताभर एवढंच घोकायचंय, की आपण विचारायचं नाही. निघते.