कोटाच्या खांद्यातला कुत्रा

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. हा नमस्कार केवळ लिहिण्यापुरता नाही. मी खरोखरच जमिनीवर पालथा पडलो आहे, नाक फळ्यांना टेकलेलं आहे आणि त्याच अवस्थेत, कोपरांवर भार देऊन, हे पत्र लिहितो आहे. अक्षर वाकडं वाटलं तर कारण एवढंच. इकडे सर्व क्षेम (हे मात्र लिहिण्यापुरतं). तुमचा उजवा गुडघा आता जिना चढू लागला हे वाचून आनंद झाला, डाव्याचंही ऑपरेशन ठरलं हे वाचून वाईट वाटलं, आणि त्यापुढच्या ओळीत ‘तेव्हा मागच्यासारखं मुकादमाला तुझ्याकडे आणून सोडतो’ हे वाचून जे वाटलं ते मोठ्या माणसांना लिहायची आपल्या घरात पद्धत नाही. तुमची भाचेसून विचारत होती, मामांना डावा गुडघा अजून थोडे दिवस वापरता नाही का येणार? मी तिला गप्प केलं. पण प्रश्न अगदीच गैर होता असं नाही.

गैरसमज नसावा. मुकादम कुत्रा म्हणून सज्जन आहे. स्वतः काडीचं काम करायचं नाही आणि दुसऱ्याला क्षणभर टेकू द्यायचं नाही, हा स्वभाव पाहूनच तुम्ही त्याचं नाव ठेवलंत, ते शोभतं. तो आमच्याकडे होता तेव्हा दूध उतू जायच्या बेताला आलं की भुंकायचा. कापडावर इस्त्री टेकवून मी जरा खिडकीबाहेर बघितलं की भुंकायचा, आणि कोणीतरी उठून ती उचलेपर्यंत थांबायचा नाही. एकदा भर दुपारी तो रिकाम्या शेगडीकडे तोंड करून असा काही ओरडला की मी गॅसचं बटण पिळून घट्ट केलं तेव्हा कुठे त्याचं समाधान झालं. (बटण थोडं उघडं राहिलं होतं, हे कबूल. पण सांगायची काही रीत असते.) आम्ही नवरा-बायको त्याच्या हाताखाली महिनाभर राबलो. ऑपरेशन निभावल्यावर तुम्ही त्याला घेऊन गेलात, तेव्हा आम्हाला सुटी लागल्यासारखं वाटलं होतं.

मुकादम गेला, वास राहिला. राहिला हे आम्हाला कळलंच नाही, कारण तोवर तो वास आमचाच झाला होता. एक गिऱ्हाईक कोटाच्या ट्रायलला आलं, दारातच नाक आक्रसून म्हणालं, कुत्रा पाळलाय वाटतं? माझ्या तोंडातली टाचणी गिळता गिळता राहिली. आणि त्याच दुपारी, मुकादम येण्याआधीच लेकीकडे गेलेल्या, आमच्या खालीच राहणाऱ्या घरमालकीणबाईंचा निरोप आला की लेकीचं बाळंतपण आटोपलं, रविवारी परत येते.

मामा, मी भित्रा आहे हे तुम्हाला नव्याने सांगायला नको. तुमच्याच अंगणात वाळत घातलेल्या तुमच्याच कोटाला चोर समजून मी लहानपणी पलंगाखाली झोपलो होतो. (शिंपी झालो ते त्यामुळेच असावं. कोट आतून बघितला की त्याची भीती जाते.) पण मालकीणबाईंना आतून बघण्याची सोय नाही. त्यांची सगळी नोकरी साबणाच्या कारखान्यात गेली, प्रत्येक घाणा हुंगून पास-नापास करायचा. गल्लीत त्यांना नुसतं ‘नाक’ म्हणतात, तेही आदराने: नाक आले, नाक बसलेत, नाक आज जरा रागावलेत. दुधात पाणी आहे का, तूप जुनं आहे का, नवरा संध्याकाळी कुठे बसून आला, सगळे निकाल त्यांच्याकडे होतात. आणि जागा देताना त्यांची अट एकच होती, प्राणी चालणार नाही. आमच्या आधीच्या भाडेकरूने कपाटात ससा लपवला होता. बाई जिन्याच्या खालच्या पायरीवर थांबल्या आणि म्हणाल्या, ‘ससा आहे. पांढरा.’ आठवड्याच्या आत ते बिऱ्हाड गेलं. ससा पांढराच होता, हे मी सांगायला नको.

जागा गेली तर दुसरी मिळेल असं तुम्ही म्हणाल. पण कापड बेतायचं माझं टेबल सुताराने याच खोलीत जोडलंय, ते कुठल्याच दारातून निघत नाही. जागा सोडायची म्हणजे टेबल तोडायचं, आणि टेबल तोडायचं म्हणजे तुमच्या भाच्याने या वयात कुठेतरी दुसऱ्याच्या दुकानात काजं करत बसायचं. रविवार जवळ येत होता.

मी शिंपी माणूस. जगातल्या प्रत्येक दुखण्यावर माझ्याकडे एकच औषध आहे, ओला फडका आणि गरम इस्त्री. सुरकुती जाते, चमक जाते, मग वास का जाणार नाही? मी सोफ्यावर ओला फडका घातला आणि इस्त्री फिरवली. गालिच्यावर फिरवली. पडद्यांवर, उशांवर, गादीवर, जिथे जिथे मुकादम टेकला होता तिथे तिथे फिरवली. वाफ उठली आणि वाफेबरोबर मुकादम उठला. एक नाही, मामा. सोफ्यातून एक, गालिच्यातून एक, पडद्यांतून दोन लहान. एवढे दिवस वाळून निजलेला वास ओल आणि ऊब मिळताच ताजातवाना होऊन घरभर हिंडायला लागला. तुमची भाचेसून बाहेरून आली ती दारातच थबकली आणि म्हणाली, ‘अहो, मामा परत सोडून गेले की काय?’

मग सूत्रं तिने हातात घेतली. गालिच्यावर आणि सोफ्यावर खाण्याचा सोडा भुरभुरवून ठेवला. ही युक्ती चांगली होती, पण पंखा बंद करायचा हे मला कोणी सांगितलं नव्हतं. एका वकिलाचा काळा कोट टेबलावर होता, तो पांढरा झाला. मीही झालो. नंतर तिने भांडंभर व्हिनेगर पाण्यात घालून जमिनीच्या फळ्या, दारं, टेबलाचे पाय पुसले, तेव्हा घरात कुत्र्याचं लोणचं घातल्यासारखं झालं. घाबरून मी त्यावर गुलाबाचं अत्तर शिंपडलं (हे माझं एकट्याचं कर्तृत्व, त्यावर ती अजून बोलत नाही). तेव्हा तोच कुत्रा आंघोळबिंघोळ करून कोणाच्या तरी लग्नाला निघालाय असं वाटू लागलं. शेवटी गुरांच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरने सांगितलं की वासावर वास चढवू नका, वासाचं घर शोधा. मग आम्ही सगळ्या खोळी उसवून धुतल्या, गाद्या गच्चीत उन्हात टाकल्या, खिडक्या सताड उघडल्या. भिंतीवर मुकादमाच्या पाठीच्या उंचीची एक तेलकट रेघ घरभर फिरली होती, ती साबणाने घासून काढली. सोडाही या वेळी पंखा बंद करून टाकला. आणि मामा, वास गेला. व्हिनेगरचा वासही वाळल्यावर आपोआप गेला. फक्त एका कोपऱ्यातून, मशीनच्या बाजूने, मधूनच एक बारीकशी झुळूक यायची.

शनिवारी मी गुडघ्यांवर रांगत त्या झुळकीच्या मागे गेलो. शिलाई मशीनखाली माझी एक पेटी असते. कॅनव्हासचे तुकडे आणि कापूस त्यात ठेवतो, कोटाच्या खांद्यांच्या गाद्या भरायला. झाकण कधीच मोडलंय. आत हात घातला तर कापसात मुकादमाच्या आकाराचा एक व्यवस्थित खळगा होता. आम्ही त्याला सोफ्यावरून हाकलायचो तेव्हा तो शहाण्यासारखा कुठे निघून जायचा, ते मला तेव्हा कळलं. तिथेच बसून मी आठवू लागलो की हा कापूस अलीकडे कोणाच्या खांद्यात भरला. अलीकडे एकच कोट पुरा झाला होता. लेकीकडे जाताना माप देऊन गेलेल्या, परत येताच घालायला मागणार असलेल्या मालकीणबाईंचा.

खांदे उसवायला वेळ उरला नव्हता, कारण खाली टॅक्सी थांबल्याचा आवाज आला. बाई एक दिवस आधीच आल्या. त्या वर आल्या, खोलीभर सावकाश फिरल्या, सोफ्यापाशी थांबल्या, पडद्यापाशी थांबल्या. मी त्यांच्या मागे मागे, श्वास रोखून (माझा वासही नको म्हणून). मग त्यांनी कोट मागितला. मी तो त्यांच्या अंगावर चढवला. दोन्ही खांदे त्यांच्या दोन्ही कानांखाली, म्हणजे त्या नाकापासून वीतभर अंतरावर. वकील मंडळी निकालाआधी असतात म्हणे तसा मी उभा होतो. बाईंनी आरशात बघितलं, मान खांद्याकडे वळवली, दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाल्या, ‘टेलरमास्तर, छान. नव्या लोकरीचा वास काही वेगळाच.’ आणि कोट घालूनच खाली गेल्या.

तर मामा, मी वाचलो. पण एकदा वाचलेल्या माणसाने पुन्हा तिथेच उभं राहू नये. म्हणून हात जोडून विनंती की मुकादमाची या वेळी दुसरीकडे व्यवस्था बघावी. मामींना नमस्कार. गुडघ्याला जपावं.

तुमचा आज्ञाधारक भाचा

ता.क. बाई कोट घालून रस्त्यावर निघाल्या की गल्लीतली कुत्री शिस्तीने त्यांच्या मागून चालतात. बाई समजतात लेकीकडून आल्यापासून लोक जरा जास्तच मान देऊन बघतात.

ता.क. दुसरा. वरचं पत्र तुमच्या भाचेसुनेने वाचलं आणि ‘हे काय लिहिलंत?’ म्हणून परत माझ्यापुढे ठेवलं. खरं लिहा म्हणाली. खरं लिहायचं मी टाळलं, कारण बाईंना शब्द दिलाय की गल्लीत कोणाला सांगणार नाही. पण तुम्ही गल्लीतले नाही. मंगळवारी खालून करपल्याचा वास आला. आम्ही वाट बघितली, कारण नाकाच्या घरात काही करपतंय हे सांगायला जायची कोणाची हिंमत? मग धूर आला. धावत खाली गेलो तर दुधाचं पातेलं काळं ठिक्कर पडलेलं, आणि बाई शेगडीपासून हातभर अंतरावर बसून शांतपणे पेपर वाचत होत्या. मी गॅस बंद केला. त्यांनी पातेल्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मामा, त्या बाईंच्या डोळ्यांत मी माझी स्वतःची भीती बघितली. लेकीकडे ताप आला होता, त्यात नाक गेलं. सगळं. आता बाळाच्या डोक्याचाही वास येत नाही म्हणाल्या. गल्लीतले लोक अजून वाट्या घेऊन येतात, त्या अंदाजाने निकाल देतात. झोपायला गेल्या की गॅस बघायला पुन्हा पुन्हा उठतात, आणि बघूनही खात्री पटत नाही. ज्यांच्या भीतीने मी रात्रंदिवस गालिचे हुंगले, त्यांच्यासाठी आता मला भीती वाटते, आणि ही आधीच्यापेक्षा वाईट आहे. आधी निदान टेबलच जाणार होतं.

ता.क. तिसरा. निघताना बाईंनी मला थांबवलं. कोटाच्या अस्तरातून एक राखाडी केस बाहेर आला होता, तो चिमटीत धरून म्हणाल्या, ‘नाक गेलंय, मास्तर, डोळे नाही गेले. कुत्रा कोणाचा?’ मी सगळं सांगितलं. ससा, अट, टेबल, पेटी, काही लपवून ठेवलं नाही. घर सोडायची तयारीही दाखवली. बाईंनी मधेच हात वर केला. त्यांना एकच गोष्ट पुन्हा ऐकायची होती, ती रिकाम्या शेगडीची. मी सांगितली. त्यावर त्या म्हणाल्या, ‘मोठ्याने भुंकतो ना? मला ऐकायला नीट येतं.’

तर वरची विनंती रद्द समजावी (मुकादमाला बोलावण्याचं कारण बाईंचं गुपित फोडल्याशिवाय लिहिता येईना, म्हणून उलटं लिहिलं होतं). मुकादमाला आणून सोडावं. तो खाली राहील, पेटीही मी खालीच नेऊन ठेवली आहे, कापसासकट. आणि तुम्हाला वाटत असेल की मी पालथा पडून अजून त्याचाच वास शोधतोय, तर तसं नाही. या फळ्यांच्या फटीखाली बाईंचं स्वयंपाकघर आहे. आत्ता माझी पाळी आहे, नंतर तुमच्या भाचेसुनेची. डाव्या गुडघ्याची तारीख जरा अलीकडे ओढून घेता आली तर बघावं. तोवर आम्ही इथेच पालथे आहोत.