नसलेल्याला मारलेली हाक

७ फेब्रुवारी १९५५, पिंपरी
काल सुशीला शालूला घेऊन माण गावी भावाकडे गेली. रडली नाही, भांडली नाही. शालूचे दोन फ्रॉक, आपली लुगडी आणि तवा घेतला. तवा नेला म्हणजे लवकर यायचा विचार नाही. शालूच्या डोक्यावर हात ठेवून दारू सोडायची शपथ घेतली होती, ती नवव्या दिवशी मोडली. तेव्हापासून पोर मला जवळ येऊ देत नव्हती. सहा वर्षांची आहे, पण सगळं कळतं तिला.
लिहितोय, कारण बोलायला घरात कुणी नाही.

९ फेब्रु.
कासीमभाईंच्या गॅरेजात लॉरीची लाकडी बॉडी बांधतोय. रंधा मारताना हात इतका थरथरला की चांगली सागाची फळी खरवडून निघाली. का.भाईंनी रंधा हातातून काढून घेतला. वाटलं, आज कामावरून काढणार. पण म्हणाले, बस जरा. हातपाय धुऊन लॉरीच्या मागे चटई अंथरली आणि दुपारच्या नमाजाला उभे राहिले. चार वर्षं इथे आहे, कधी नीट बघितलं नव्हतं. एवढा धिप्पाड माणूस, ग्रीसनं काळा, आणि कपाळ जमिनीला. उठले तेव्हा चेहरा कुणी धुऊन पुसून ठेवल्यासारखा.
मग शेजारी बसून त्यांनी सांगितलं. तरुणपणी बारा वर्षं अफू खात होते. जमीन गेली, बैल गेले, पहिली बायको गेली. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. विचारलं, मग सुटली कशी?
"जल्मभराचं वचन अल्लाला देणारा मी कोण? म्होरच्या नमाजापर्यंत सांभाळ, एवढंच मागतो. दिसातनं पाच येळा."

१२ फेब्रु.
तीन दिवस थेंब नाही. घाम, ताप, अन्न ठरत नाही. भिंतीवर मुंग्यांची रांग दिसते, हात लावला की नसते. का.भाईंच्या घरून भाभींनी तांदळाची पेज पाठवली. मी कोकणातला, हे त्यांच्या लक्षात. का.भाई दिवसातून दोनदा येऊन बसतात. बोलत नाहीत फारसे. काल त्यांचा हात धरून मी लहान मुलासारखा...

१५ फेब्रु.
ताप उतरला. कामावर गेलो. का.भाईंना खरं ते सांगून टाकलं. माझा देव नाही. आई गेली त्या वर्षी देव्हाऱ्यातले टाक उचलून खाडीत टाकले, त्यानंतर कुणापुढे हात जोडले नाहीत. तुमच्यासारखं मागणार कुणाकडे?
ते स्पॅनर पुसत होते. पुसतच म्हणाले, माझ्या दारात यायला पायजे असं न्हाई. तुझा कोण असंल त्याला हाक मार.
कोणी नाही म्हटलं ना.
"मग जो न्हाई, त्याला मार. त्याला राग येत न्हाई."
हसू आलं. पण दुपारी करवत चालवताना मनात म्हणून बघितलं. तू नाहीस. तरी चार वाजेपर्यंत सांभाळ.
चार वाजले. मी तसाच.

२० फेब्रु., रविवार
आळंदीला एका धर्मशाळेचा दरवाजा चौकटीत बसत नव्हता, त्या कामाला गेलो. पहिली एस.टी. धरली. पोचलो तेव्हा इंद्रायणीवर धुकं, पलीकडचा घाट दिसत नव्हता. कुठूनतरी विद्यार्थ्यांचा पाठ चालू. एकच ओळ, पुन्हा पुन्हा, कुणाचा आवाज फुटलेला, कुणाचा कोवळा. मी पायरीवर हत्यारांची पिशवी ठेवून उभा राहिलो.
काय झालं ते लिहिता येत नाही. प्रयत्न करतो. छातीत जी सारखी ओढ असते, दिवसरात्र, जिची इतकी सवय झाली की ती म्हणजेच मी असं वाटायचं, ती थांबली. गिरणीचा पट्टा निसटला की कशी एकदम शांतता होते, तशी. आणि कुणीतरी माझ्याकडे बघतंय असं वाटलं. रागानं नाही. कीव करूनही नाही. नुसतं बघतंय.
किती वेळ, कळलं नाही. डोळे वाहत होते ते एका म्हातारीनं "काय झालं रं लेकरा" विचारलं तेव्हा समजलं.
दरवाजा बसवला. झकास बसला. हात एकदाही थरथरला नाही.

९ मार्च
काल शिमगा. ओढ्याकाठी गावचे दोघे भेटले, ढोल होता, बाटली होती. प्यालो. दारूबंदीचा शिपाई आला तसे पळालो, पडलो, गुडघा फुटला. आळंदीचं ते सगळं मी फुकट घालवलं. खरंच घडलं होतं का ते?
आज गॅरेजात गेलो तो हिशेब मिटवून निघून जायच्या तयारीनं. का.भाईंना सगळं सांगितलं. त्यांनी गुडघा बघितला, टिंक्चर लावलं.
"कालची हाक गेली. दुपारची हाय ना अजून?"
एवढंच. मला वाटत होतं, दार एकदा लागलं की लागलं. हे दार लागतच नाही? त्या विचारानं मला भीतीच वाटली. कुणाचं एवढं मोठं मन असतं?

२७ एप्रिल
रमजान चालू. का.भाई दिवसभर पाण्याविना, वर हे ऊन, आणि इंजिनाखाली उताणे. मी विचारलं, वीस वर्षं झाली, आता अफूची आठवणसुद्धा येत नसेल?
ते बाहेर सरकले, माझ्याकडे बघितलं.
"रोज येती, मिस्त्री. आत्ता बी हाय."
हा डोंगरासारखा माणूस. म्हणजे तो सुटलेला नाही, धरून ठेवलेला आहे. रोज नव्यानं. आणि धरणारा थकत नाही.
दिवसभर ओळंबा हातात घेऊन नुसता उभा होतो, असं भाभी म्हणाल्या.

८ मे, रविवार. माण
शिमग्यानंतर आजवर थेंब नाही. सुशीलाच्या भावाच्या घरी आलो. त्यानं दारातच अडवलं, सुशीलानं आत घेतलं. ओसरीवर बसवलं, पाणी दिलं. विचारलं, आता शपथ घ्यायला आलात काय?
नाही म्हणालो. शपथ घेणार नाही.
तिनं पाण्याचं भांडं उचललं. वाटलं, चुकलो, शपथच ऐकायला ती थांबली होती. मनातल्या मनात हाक मारली. ओठ हलले असतील.
"कुणाशी बोलताय?"
"माहीत नाही."
"मंग तो काय म्हनतो?"
"काही नाही. पण ऐकतो. सुशीला, मला कळत नाही गं हे काय आहे. पण ऐकतो."
येते म्हणाली नाही, येत नाही असंही नाही. उठून आत गेली. आत काहीतरी हळू बोलणं झालं, आणि मग शालूला एकटीला बाहेर पाठवलं.
पोर खांबाला धरून उभी राहिली. मग माझ्यापासून हातभर लांब बसली.
मी हललो नाही.