हजार घोडे आणि दोन फळ्या

तीर्थस्वरूप दादा यांना,

तुमच्या बहिणीच्या नवऱ्याचा (जो हे पत्र लिहिताना अजून नोकरीवर आहे) वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? वहिनींचा खोकला गेला का? तुमची बहीण पंधरा दिवसांसाठी माहेरी आली आहे. तिची तब्येत तुमच्याकडे उत्तमच असणार, म्हणून तिच्याविषयी विचारत नाही. हे पत्र मुद्दाम घरी न पाठवता तुमच्या सुतारकामाच्या दुकानावर पाठवले आहे. ते तिथेच वाचा, हातातला रंधा खाली ठेवून वाचा आणि वाचून झाल्यावर घरी नेऊ नका. घाबरण्यासारखे काही नाही. निदान आता नाही.

आमच्या इमारतीतले दातांचे डॉक्टर तुम्हाला आठवत असतील. गेल्या वर्षी त्यांनी एक इटलीची गाडी घेतली. इतकी वर्षे दुसऱ्यांच्या तोंडात वाकून पाहिल्यावर माणसाला एकदा तरी आडवे होऊन बसावेसे वाटत असणार, कारण त्या गाडीत बसता येत नाही, उतरावे लागते, विहिरीत उतरावे तसे. दार बाजूला उघडत नाही, पंखासारखे वर जाते. गाडीची उंची माझ्या कमरेच्या वर थोडीशी, आणि पोट जमिनीपासून घोट्याएवढे. इंजिन पुढे नसून माणसाच्या पाठीमागे, बारा सिलिंडरचे. ते मिनिटाला नऊ हजारांवर फेरे घेते. शिवाय विजेच्या तीन मोटारी. सगळे मिळून हजार घोड्यांचे बळ. गाडीचा सांगाडा लोखंडाचा नाही. कोळशाच्या धाग्याचे, म्हणजे कार्बन फायबरचे, कापड थरावर थर घालून, राळेत भिजवून, भट्टीत दाबून शिजवतात (म्हणजे दादा, आपले प्लायवूडच, फक्त रुबाब वेगळा). उभ्या जागेवरून ताशी शंभराचा वेग घ्यायला तिला अडीच सेकंद लागतात. तुम्ही कानावरची पेन्सिल काढून रेघ मारून परत कानावर ठेवता, तेवढ्यात.

हे सगळे मला कसे ठाऊक, असे तुम्ही विचाराल. डॉक्टर परगावी जाताना किल्ली माझ्याकडे ठेवतात. गाडीची वायर चार्जिंगला लावायची, आवरण झटकायचे, एवढेच काम. पहिल्यांदा किल्ली देताना म्हणाले, “काका, तुमच्यावर सोडून चाललोय.” एवढ्या शब्दांवर मला झोप येईना. मी त्यांच्याकडून गाडीचे पुस्तक मागून घेतले. पाचशे पानांचे इंग्रजी पुस्तक. मी गावच्या शाळेतला माणूस, शब्दकोश शेजारी ठेवून रोज सकाळी अंघोळ आणि देवाचे नाव झाल्यावर एक पान वाचतो. एकच. आणि क्रमाने. पुढचे पान आधी उघडून बघायचे नाही, ही आमच्या गुरुजींची शिस्त. ते म्हणत, ज्याला शेवट आधी हवा असतो त्याला मधले काही मिळत नाही. (गुरुजींनी गाडीचे पुस्तक पाहिले नव्हते, हे मी मान्य करतो.) मंगळवारी सकाळी मी दोनशे अकराव्या पानावर होतो.

त्याच मंगळवारी अकरा वाजता नळवाला आला. तळघरात (ते रस्त्यापेक्षा जेमतेम कमरेएवढे खोल, चढही आखूड), गाड्या उभ्या असतात तिथे, आग विझवण्याच्या पाण्याची मोठी टाकी आहे. तिची झडप ठिबकत होती. नळवाल्याने पान्हा लावला, एक आटा फिरवला आणि झडपेची मान त्याच्या हातात आली. “साहेब, मी नुसता हात लावला हो!” असे तो म्हणाला. तोवर मांडीएवढ्या जाडीची धार समोरच्या भिंतीवर आदळत होती. उपसायचा पंप सुरू केला, तर तो दोनदा खोकला आणि गप्प झाला. टाकी आपली आपण रिकामी होईपर्यंत पाणी थांबणार नव्हते.

तळघरात तीनच गाड्या होत्या. दोन उंच होत्या, त्यांच्या मालकांना हाका मारल्या, ते येऊन घेऊन गेले. तिसरी ही. डॉक्टर विमानात होते, फोन बंद. संध्याकाळी पोचणार होते. मला त्या पुस्तकाचे नव्वदावे पान डोळ्यांपुढे दिसत होते. गाडीची मुख्य बॅटरी दोन बैठकांच्या मधल्या पन्हळीत, जवळजवळ जमिनीलगत असते, आणि गाडीच्या पोटाला पाणी लागू देऊ नये, असे तिथे जाड अक्षरात, चौकटीत छापले आहे. पाणी तोवर माझ्या अंगठ्यावर आले होते. दादा, तुम्हाला माहीत आहे, आमच्या गेटशेजारच्या दोन खोल्या केअरटेकरच्या नोकरीबरोबर आहेत. गाडी बुडाली तर नोकरी बुडाली, आणि नोकरी बुडाली तर तुमची बहीण पंधरा दिवसांऐवजी कायमची माहेरी. मी देवाला एवढेच म्हटले की, तू बस शेजारी, मी चालवतो.

चपला बाहेर काढून आत उतरलो. (का काढल्या, सांगता येणार नाही. पाय आपोआप थांबले. त्या चपला त्यानंतर मला दिसल्या नाहीत.) गाडी भिंतीकडे तोंड करून उभी होती, म्हणजे आधी मागे घ्यायला हवी. आणि इथे या गाडीची एक मोठी गंमत आहे. एवढ्या प्रचंड इंजिनाला मागे जाताच येत नाही. ते काम विजेच्या मोटारी करतात. पुढे जायचे तेव्हा डरकाळी, मागे सरायचे तर मुकाट्याने, तोंड न उघडता. या पानावर मी दोन दिवस थांबलो होतो. माझ्या आयुष्यात मी जेव्हा जेव्हा मागे सरलो, तेव्हा केवढा आवाज केला होता, ते आठवत बसलो होतो. मंगळवारी गाडी खरोखरच आवाज न करता मागे सरकली, पाण्यावरून होडी सरकावी तशी. मागचे काही दिसत नव्हते. नळवाला पाण्यात उभा राहून ओरडत होता, “येऊ द्या, येऊ द्या, बास बास बास!” खांब आणि गाडी यांच्यात, तो नंतर म्हणाला, चार बोटे राहिली होती. कोणाची बोटे ते मी विचारले नाही.

तोंड चढाकडे वळवले. पाणी घोट्याला आले होते. मी मनात एकोणतीसचा पाढा सुरू केला. लहानपणी गुरुजींसमोर याच पाढ्याला माझे पाय थरथरत, म्हणून पाय थरथरत असताना तोच बरा वाटतो. एकोणतीस सक्कंपाशी पोचलो असतानाच पाठीमागे आभाळ फाटल्यासारखा आवाज झाला. बारा सिलिंडर जागे झाले होते. चढावर मोटारींना बळ कमी पडले की इंजिन आपण होऊन मदतीला येते, हे मी वाचले होते. पण वाचणे वेगळे आणि तळघरात, बंद छताखाली, ते पाठीच्या मणक्याला लागून ऐकणे वेगळे. नळवाला मागच्या मागे पाण्यात बसला. पहिल्या मजल्यावरून सेक्रेटरीबाईंचा आवाज आला, “अहो केअरटेकर! ते गुरगुरणं बंद करा, माझ्या मांडणीतली भांडी वाजतायत!” पायाखाली हजार घोडे होते आणि त्यातला एकच, तोही म्हातारा आणि लंगडा, हळूच बाहेर यावा म्हणून मी अंगठ्याच्या टोकाने पेडल दाबत होतो. गाडी मुंगीच्या पावलाने चढली आणि गेटपाशी येऊन मी ती थांबवली, कारण पुढे उंचवटा होता.

रस्त्यावरचे पाणी आत येऊ नये म्हणून कमिटीने चढाच्या तोंडाशी सिमेंटचा एक आडवा उंचवटा बांधला आहे. (आतले पाणी बाहेर जावे, याचा विचार कमिटीने केलेला नाही.) डॉक्टर रोज त्यावरून कसे जातात, हे मी हजारदा पाहिले आहे. मी गेट उघडून नमस्कार करतो, गाडी जवळ येऊन थबकते, जराशी मान वर करते आणि हलकेच पार होते. माझ्या नमस्काराला ती मान हलवते, असेच मला इतके दिवस वाटत आले. पण मंगळवारी तिने मान वर केली नाही. मी उतरून, ओणवा होऊन हात घालून पाहिले. नाक सरळ सिमेंटवर आपटणार होते. नाक कोळशाच्या धाग्याचे. चिरले की चिरले. मागे पाणी चढाचा पायथा ओलांडून वर येत होते आणि गाडीचे मागचे टोक त्याच्यापासून दोन हातांवर होते.

तेव्हा मला तुमची आठवण झाली. चाकांखाली दोन लांब फळ्या उंचवट्यावर टेकवून लावल्या, तर नाक उंचवट्यापर्यंत पोचायच्या आत चाके वर चढतील. पण मागचे चाक चौदा इंच रुंद. फळी किमान सोळा-अठरा इंच हवी, सहा फूट लांब, एकसंध आणि जुन्या सागाची. अशा दोन फळ्या मला दहा पावलांवर मिळाल्या. त्या काढायला अठरा पितळी स्क्रू होते. ज्याने ते बसवले होते त्याच्या मनगटाला माझा दंडवत. सतरा निघाले, अठरावा हलेना. बाहेर नळवाला गाडीला मागून दोन्ही हात लावून उभा होता. चाकांखाली विटा होत्या, ब्रेक लागलेला होता आणि एकोणीसशे किलोची गाडी घसरलीच असती तर त्याच्या दोन हातांचा काय उपयोग होता? पण त्याला पश्चात्ताप म्हणून काहीतरी करायचे होते, म्हणून मी त्याला हटकले नाही. “साहेब, पाणी टाचेला लागलं!” तो ओरडला. अठरावा स्क्रू मी देवाचे नाव घेऊन आणि नंतर तुमचे नाव घेऊन काढला.

फळ्या लावल्या. पुढची चाके चढली, नाक उंचवट्यावरून बोटभर अंतराने गेले. मी श्वास घेतला तो घेतलाच, सोडायचे राहून गेले. मग मागची चाके फळीवर आली, ज्यांच्यावर इंजिनाचा सगळा भार. डावी फळी कुरकुरली. उजवी कडकडली. पण चिरता चिरता का होईना, तिने गाडी पार करून दिली. उन्हात येऊन गाडी उभी राहिली तेव्हा बारा वाजून पाच मिनिटे झाली होती. ताशी साडेतीनशेने धावणाऱ्या गाडीला मी चाळीस पावले पाऊण तासात आणले होते. सेक्रेटरीबाई बाल्कनीतून म्हणाल्या, “झालं का प्रदर्शन?” मी त्यांनाही नमस्कार केला.

संध्याकाळी डॉक्टर आले. गाडीभोवती फिरले, वाकून पुढून पाहिले आणि म्हणाले, “काका, नाक नीट उचलून आणलंत ना?” मी म्हटले, देवाने उचलले. ते हसले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. एवढेच. नोकरी शाबूत आहे, खोल्या शाबूत आहेत. वहिनींना नमस्कार आणि मुलांना आशीर्वाद.

तुमचा नम्र,
दाजी

ता. क. फळ्या कुठल्या ते तुम्ही ओळखलेच असेल. आमच्या लग्नात तुम्ही बहिणीला करून दिलेल्या कपाटाची दारे. चोवीस वर्षांत तिने त्यांना मला ओला हात लावू दिला नाही. डावीवर चाकाची नक्षी उठली आहे, उजवी उभी चिरली आहे. तुमची बहीण पुढच्या आठवड्यातल्या रविवारी परत येणार. तुम्ही त्याच्या आदल्या शनिवारपर्यंत काहीही निमित्त काढून, माप न घेता (माप तुमच्या लक्षात असेलच) दोन दारे घेऊन या. कपाटाला सध्या चादर लावली आहे, पण चादर फार काळ टिकेल असे मला वाटत नाही.

ता. क. दुसरा. हे कोणाला सांगू नका. आज शुक्रवार, माझे दोनशे चौदावे पान. त्यावर लिहिले आहे की, गाडीत एक बटण असते, ते दाबले की गाडीचे नाक दोन बोटे वर उचलले जाते, उंचवट्यांसाठी. म्हणजे ती माझ्या नमस्काराला मान हलवत नव्हती. दारांपेक्षा मला याचेच जास्त वाईट वाटले.

ता. क. तिसरा. मधली बिजागरी काढली तेव्हा तिच्या पट्टीखाली, चौकटीच्या खाचेत, तुमच्या पेन्सिलीचे अक्षर दिसले. “मुलगा बरा वाटतो. बघू.” चोवीस वर्षे ते तिथे होते. मी खोडलेले नाही. नवी दारे बसवताना त्याखाली आता जे वाटते ते लिहा आणि बिजागरी घट्ट बसवा. मी पुन्हा ती काढून बघणार नाही. पण अठरावा स्क्रू जरा सैल ठेवा.