सायरनची किल्ली गाडीच्या दारात लावून पाहण्याबाबत

प्रति,
मा. सचिव,
शिप्रांगण रहिवासी समिती,
नानाखेडा, उज्जैन (म.प्र.)

विषय : गोपाळ फणसे याच्याविरुद्धची चोरीची तक्रार मागे घेण्याबाबत.
संदर्भ : आपण दि. १६ फेब्रुवारी १९९७ रोजी ठाण्यात दिलेली तक्रार.

महोदय,

अर्जदार प्रतिभा फणसे ही गोपाळची थोरली बहीण. गोपाळचे देवास गेटजवळ मोटारींच्या वायरिंगचे दुकान आहे. अर्जदार आपणास लहानपणापासून अण्णा म्हणते, गोपाळला आपण तो लहान असल्यापासून पाहिलेले नाही; हा अर्ज मात्र सचिवांना आहे.

१. वसाहतीत गाड्यांतले टेप चोरीला जाऊ लागल्यावर श्री. श्रीनाथ खासगीवाले यांनी आपल्या मारुतीला गोपाळकडून अलार्म बसवून घेतला. चोर आधी बॅटरीची तार तोडतो, म्हणून गोपाळने बॉनेटखाली दुसरा सायरन लावून त्याला वेगळी छोटी बॅटरी जोडली. मुख्य तार सुटली की हा सायरन आपोआप वाजतो आणि एका लहान किल्लीनेच बंद होतो.

२. रविवारी दुपारी खासगीवाल्यांनीच फोन केला, "छोटी बॅटरी चार्ज होत नाहीये, बघून जा." गोपाळ आल्यावर ते चहा सांगायला वर गेले. त्याने किल्ली हातात घेतली, पण ती फिरवण्याआधीच मुख्य तार निसटली. सायरन सुरू झाला. जेवून आडवी झालेली वसाहत धावत खाली आली. तिला दिसले ते उघडे बॉनेट, सुटलेली तार आणि अनोळखी माणूस.

३. क्रिकेटच्या स्टंपचा पहिला फटका कानावर बसला. गोपाळ आपले नाव सांगत होता. त्या आवाजात ते त्याचे त्यालाही ऐकू येत नव्हते. वसाहतीतील श्री. माणिक सुभेदार यांनी त्याचे डोके बंपरवर आपटले. दोन दात तिथेच पडले. कोणीतरी त्याच्या कानात ओरडले, "पहिले सायरन बंद कर, साले!" तो त्यासाठी बॉनेटकडे वळला की "भाग रहा है, पकडो!" अशी ओरड होई आणि मार नव्याने सुरू होई. हे तीनदा झाले. ज्याला सायरन बंद करता येत होता, त्यालाच सायरन बंद होत नाही म्हणून मारले जात होते.

४. मग कोणाला तरी त्याची आवळलेली मूठ दिसली. "काय दाबलंय? खोल!" बेशुद्ध होत चाललेल्या माणसाची मूठ उघडेना. ती मडगार्डवर ठेवून आपण स्वतः काठी मारलीत. उजव्या हाताची तीन बोटे मोडली. किल्ली खाली पडली. ती उंच धरून आपण म्हणालात, "चाबी निघाली! म्हणे मिस्त्री!" त्यानंतर बरगड्यांची पाळी आली. सायरन त्याची बॅटरी संपेपर्यंत वाजत राहिला.

हे सर्व सौ. उषा खासगीवाले यांनी रुग्णालयात येऊन, रडत, अर्जदारास सांगितले. श्री. खासगीवाल्यांचे म्हणणे असे, "मी गच्चीतून ओरडत होतो गं, पण ऐकू कुणाला जाणार?" ते खाली उतरले नाहीत. ठाण्यात खरे सांगा म्हटल्यावर म्हणाले, "मला ह्याच लोकांत राहायचंय, प्रतिभा."

५. गोपाळच्या खाटेशी पोलीस शिपाई बसला आहे. शुद्धीवर आला की गोपाळ डाव्या हाताने खूण करून पाणी मागतो. उद्या आपण ती किल्ली गाडीची नकली किल्ली म्हणून ठाण्यात जमा करणार, असे समजते. ती जमा झाली की गोपाळ कायमचा चोर ठरेल.

सबब नम्र विनंती की, जमा करण्यापूर्वी आज सायंकाळी, रविवारी हजर असलेल्या सर्वांसमोर, आपण आपल्या हाताने ती किल्ली मारुतीच्या दारात लावून पाहावी. मग डिकीत. मग स्टिअरिंगखाली. एका जागी जरी फिरली, तरी अर्जदार स्वतः ठाण्यात येऊन भाऊ चोर असल्याचे लिहून देईल.

कुठेच न फिरल्यास बॉनेट उघडावे. डाव्या कोपऱ्यात सायरनचे कुलूप आहे. तिथे ती फिरेल. ती फिरली की तक्रार मागे घ्यावी आणि, अण्णा, "हा चोर नव्हता" एवढे तिथेच मोठ्याने म्हणावे. सायरन आता बंद आहे. सर्वांना ऐकू जाईल.

आज सायंकाळी गाडीजवळ हजर राहणारी,
प्रतिभा फणसे
दि. १८ फेब्रुवारी १९९७

सोबत : उजव्या हाताच्या एक्स-रेची प्रत.