आमच्या घड्याळातली डावखुरी बाई

४ जानेवारी
सासऱ्यांच्या माघारी आज सासूबाईंनी त्यांची दोन जुनी इंग्रजी घड्याळं वाटली. लंडनला बनवून चीनच्या बाजारात विकायला पाठवलेली, असं सासरे सांगायचे. एक मला, एक साडूला, म्हणजे सम्मेदला. दोन्ही सोनेरी. तास झाला की घड्याळातली छोटी धातूची बाई हात वर करून फूल पुढं करते. सम्मेदची बाई उजव्या हातानं, माझी डाव्या. म्हणजे फर्स्ट माल त्याला, सेकंड मला. मी काही बोललो नाही. माझा स्वभावच तसा नाही.

११ जानेवारी
बायकोला, राजमतीला म्हटलं, डाव्या हातानं कोण देतं गं फूल? पावण्यांचा अपमान हाय हा. ती म्हणाली, बघायला आलंय कोण? ते बरोबर. सगळी सम्मेदकडं जातात. फोटो काढतात, चहा पितात. सम्मेदची बायको भाग्यश्री तर माझी सख्खी मेव्हणी, तिनंही आमच्या घड्याळाचं नाव काढलं नाही.
ठराव : सम्मेदच्या घरात पाय ठेवायचा नाही.

१२ जानेवारी, संध्याकाळ
सम्मेदकडं गेलतो. सहज. त्याच्या बाईचा हात नीट बघून आलो. जेवण गेलं नाही. छातीत जळजळ. ॲसिडिटी असणार.

२० जानेवारी
शिरोलीत स्वतःची फाउंड्री असताना मी रडतोय कशाला? ट्रॅक्टरचे पार्ट ओततो आपण, बाईचा हात काय अवघड हाय? कृष्णातला सांगितलं, डावा काढ, उजवा बसव. तो म्हणाला, जमतंय की मालक, बफिंग पण मारू? मार म्हटलं.

३ फेब्रुवारी
हात बसला. दंड जरा पैलवानाचा झालाय, पण उजवा. बफिंगनं बाई अशी चमकते की डोळे दिपतात. सम्मेदला फोन केला, रविवारी पुरणपोळी खायला या. तो म्हणाला, येणारच होतो, जुन्या घड्याळांतला एक जाणकार पुण्यासनं आलाय, त्यालाही आणतो. उत्तम. जाणकारासमोरच जिरवू.

९ फेब्रुवारी, दुपार
पुण्याचा माणूस वाकून बाईचा हात न्याहाळत राहिला. मला वाटलं, भारावला. मग म्हणाला, चीनला अशी घड्याळं जोडीनं जायची. शेजारी ठेवली की एक बाई उजव्या हातानं, दुसरी डाव्या, आरशात बघितल्यासारखी. डावा हात मुद्दाम केलेला असतो. जुना हात कुठाय? भट्टीत गेला म्हटलं. त्यानं चष्मा काढून खिशात घातला.

मग भाग्यश्रीनं सांगितलं. त्यांचं घड्याळ खाली गाडीच्या डिकीत होतं. जोडी फुटू नये, आणि दाजींचा हॉल मोठा हाय, म्हणून सम्मेद त्याचं घड्याळ मला द्यायला आलता. कायमचं. आता कसली जोडी, म्हणून परत घेऊन गेले.

९ फेब्रुवारी, संध्याकाळ
सासूबाईंचा फोन. सम्मेदचं मन केवढं मोठं, म्हणाल्या. म्हणजे मोठं मनसुद्धा त्याच्याच वाट्याला. मी म्हटलं, मला आधी सुचलं असतं तर मीही माझं घड्याळ त्याला दिलं असतं की. पलीकडून काहीच आवाज आला नाही. फोन कट झाला असणार.