न कापलेली जोडी

टिलबर्ग, नेदरलँड्स

प्रिय आई,

इथूनच वाकून नमस्कार. मी मजेत आहे. गुडघ्याला तेल लावतेस ना?

सोबतची पर्स मी केलीये. शेजारच्या रीतआजींच्या नाचाच्या ग्रुपमधल्या बायका नाचून जुने झालेले काउबॉय बूट आणून देतात. पोटरीवरचं नक्षीचं चामडं मी पर्ससाठी घेते, पावलांचा भाग कापून टाकते. चामडं आहे, देवाजवळ ठेवू नकोस. रिकामी देऊ नये म्हणून आत तूच दिलेली सुपारी घातलीये.

पर्स छान खपतात. पार्सलं सुबोधच पोस्टात टाकतो, त्यामुळे मला बाहेर पडावंच लागत नाही. माझी सायकलही त्याने विकली. वापर कुठे होता, म्हणाला. फोनवर बोलताना तो शेजारीच बसलेला असतो, म्हणून तुला माझं नुसतं ‘हो, हो’ ऐकू येतं. हे पार्सल मात्र आजी टाकतील.

बाबांना एवढ्यात काही बोलू नकोस. माझी खोली रिकामीच आहे ना गं?

बुटांच्या एका जोडीला मी कात्री लावली नाही. माझ्या मापाची निघाली. तो ऑफिसला गेला की ती घालून मागच्या शेडमध्ये फेऱ्या मारते. आधी टाचेला फार चावायची. आता चावत नाही.

तुझीच,
संहिता